ओढ्याअलीकडे

टीव्हीवर गोल्फ पाहताना मला चेंडूपेक्षा खेळाडूचा हात जास्त पाहावासा वाटतो. खेळाडू फेअरवेवर उभा असतो, कॅडीने बॅग जमिनीवर टेकवलेली असते आणि बॅगेतून वर आलेल्या क्लबांच्या डोक्यांवरून खेळाडूची बोटं फिरत असतात. एक क्लब अर्धा वर येतो. धातूवर धातू घासल्याचा बारीक आवाज मायक्रोफोन पकडतो. तो क्लब पुन्हा खाली जातो आणि हात शेजारच्या क्लबवर जाऊन थांबतो. कॅडी आपली छोटी वही उघडतो, काहीतरी हळू बोलतो. खेळाडू झाडांच्या शेंड्यांकडे बघतो, चिमूटभर गवत उपटून हवेत सोडतो, ते कुठे पडतं ते बघतो. हात पुन्हा बॅगेकडे. या अर्ध्यापाऊण मिनिटासाठी मी एप्रिलमधली एक रात्र जागून काढते.

आम्ही दादरची माणसं, क्रिकेटवर वाढलेली. क्रिकेटमध्ये चेंडू तुमच्याकडे येतो. विचाराला सवड नसते. अंगात जे मुरलेलं असेल ते बॅटमधून बाहेर पडतं. शिवाजी पार्कवर दादाला शिकवणारे सर दिवसभर एकच गोष्ट ओरडून सांगायचे, ‘विकेट फेकू नकोस!’ मुंबईच्या क्रिकेटला खडूस म्हणतात त्यामागे ही शिकवण आहे. खेळपट्टीवर टिकून राहणं हाच पराक्रम, हे आमच्या मनावर इतकं बिंबलं होतं की उंच उचललेल्या फटक्याकडे आम्ही जरा संशयानेच बघायचो. तरीही १९७९ सालचा ओव्हलचा सामना आमच्या घरात कधी संपला नाही. चौथ्या डावात ४३८ धावा हव्या होत्या. गावसकरने २२१ केल्या आणि ८ बाद ४२९ वर सामना अनिर्णित सुटला. बाबा म्हणायचे, वाचला. काका म्हणायचे, जिंकायचा होता. गणपतीला सगळे जमले की जेवणानंतर हा वाद हमखास निघायचा आणि दोघंही दरवर्षी तितक्याच पोटतिडकीने बोलायचे. मला दोघांचंही पटायचं आणि त्यामुळे माझी फार ओढाताण व्हायची.

गोल्फमध्ये चेंडू कुठूनच येत नाही. तो गवतावर पडलेला असतो आणि तुम्ही मारेपर्यंत तिथेच पडून राहणार असतो. समोर गोलंदाज नसतो, चेंडू वळला म्हणायची सोय नसते, जोडीदाराने नको तेव्हा धाव मागितली असं सांगता येत नाही. धाडस करायचं की जपून खेळायचं, हे आधी ठरवावं लागतं आणि सगळ्यांदेखत ठरवावं लागतं. बॅगेतून लांब पल्ल्याचा क्लब निघाला की दोरीपलीकडच्या गर्दीला कळतं, हा पाण्यावरून जाणार. आखूड क्लब निघाला की एक हलका सुस्कारा ऐकू येतो. चेंडू अजून जागचा हललेलाही नसतो, पण माणसाने आपलं मन उघड करून दाखवलेलं असतं.

हे सगळं ज्या जागी सर्वांत स्वच्छ दिसतं ती जागा म्हणजे अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा नॅशनलचा तेरावा होल. मास्टर्स स्पर्धा दर एप्रिलमध्ये तिथेच होते. फळाफुलांच्या रोपांच्या एका जुन्या नर्सरीच्या जमिनीवर हा कोर्स उभा राहिला आणि प्रत्येक होलला झाडाचं किंवा फुलाचं नाव मिळालं. तेरावा अझेलियाचा. पार पाच, म्हणजे पाच फटक्यांत चेंडू खळग्यात जावा अशी अपेक्षा. टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरून, निघालेली वाट उंच पाइन झाडांमधून डावीकडे वळते. त्या वळणाच्या आतल्या अंगाने एक ओढा वाहतो, आणि ग्रीन, म्हणजे खळगा असलेली हिरवळ, जवळ आलं की तोच ओढा तिरका होऊन ग्रीनच्या पुढून आणि उजव्या कडेने जातो. ओढा लहानसाच, तळाशी दगडगोटे. पावसाळ्यात आपल्याकडच्या कुठल्याही गावाबाहेर असा ओढा दिसतो, मुलं चपला हातात घेऊन तो ओलांडतात.

आता जमिनीची करामत बघा. फेअरवे उजवीकडून डावीकडे, ओढ्याकडे उतरता आहे. पहिला फटका ओढ्याला खेटून मारला तर चेंडू त्यातल्या त्यात सपाट जागी थांबतो आणि पुढचं अंतरही कमी होतं. ओढ्याला भिऊन उजवीकडे मारला तर चेंडू कोरडा राहतो, पण आता तो उतारावर असतो, उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या पावलांपेक्षा उंच. अशा चेंडूला डावीकडे पळायची खोड असते. तिथून दोनशेच्यावर यार्ड लांबच्या, पाण्यामागच्या ग्रीनवर दुसरा फटका टाकायचा, की ओढ्याअलीकडे चेंडू ठेवून तिसऱ्या, आखूड फटक्याने पलीकडे जायचं? या दुसऱ्या पर्यायाला खेळाडू ले-अप म्हणतात. दोन फटक्यांत ग्रीन गाठलं तर तीन फटक्यांचा ईगल हाताशी येतो. ओढ्यात गेला तर सहा किंवा सात. पहिल्या फटक्यात जेवढी छाती दाखवली असेल तेवढा दुसरा सोपा, आणि पहिल्यांदा जेवढं जपलं असेल तेवढी दुसऱ्यांदा परीक्षा कठीण. ही रचना मला विलक्षण न्यायी वाटते.

ज्याने ती केली तो अॅलिस्टर मॅकेन्झी पेशाने डॉक्टर होता. बोअर युद्धात सैन्याबरोबर गेला असताना बोअर लोक साध्या जमिनीच्या आडोशाने कसे नाहीसे होतात हे त्याने पाहिलं, आणि ते त्याला जन्मभर पुरलं. १९१४ साली ‘कंट्री लाइफ’ नियतकालिकाने गोल्फचा उत्तम होल आखण्याची स्पर्धा लावली, ती त्याने जिंकली. त्याच्या चित्रात टीपासून ग्रीनपर्यंत जायला एक वाट नव्हतीच. ज्याची जेवढी ताकद आणि जेवढी हिंमत, त्याने तशी वाट धरावी अशा अनेक वाटा होत्या. पुढे त्याने स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स बारकाईने मोजून त्याचा नकाशा काढला. ऑगस्टाचा कोर्स उभारणाऱ्या खेळाडू बॉबी जोन्सने त्यासाठी त्यालाच बोलावलं हे मला फार अर्थपूर्ण वाटतं, कारण त्याच ओल्ड कोर्सवर १९२१ साली तरुण जोन्स चिडून खेळ अर्धवट सोडून निघून गेला होता. नंतर त्याच मैदानावर त्याचा जीव जडला, १९२७ ची ओपन स्पर्धा त्याने तिथेच जिंकली. एका दमात स्वतःला उघडं न करणारं मैदान किती काळ सोबत करतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. मॅकेन्झी १९३४ च्या जानेवारीत गेला. पहिली स्पर्धा त्याच वर्षी मार्चमध्ये झाली. आपण आखलेल्या या वळणावर माणसं कशी थबकतात, हे त्याला पाहायला मिळालं नाही. याची मला दरवर्षी हळहळ वाटते.

आकड्यांत पाहिलं तर तेरावा हा ऑगस्टाच्या सोप्या होलांपैकी एक. वर्षानुवर्षांची सरासरी पाचाच्या खाली आहे. निव्वळ कठीण होलवर निवड नसते. तिथे सगळे डोकं खाली घालून पार वाचवायला बघतात आणि चुकलं तर कोणी बोल लावत नाही. इथे मात्र समोर लाभ मांडून ठेवलेला असतो. पंधराव्यावरही तेच, फक्त ओढ्याऐवजी ग्रीनपुढे तळं आहे.

१९८५ च्या मास्टर्समध्ये कर्टिस स्ट्रेंजने पहिल्या दिवशी ८० फटके घेतले. तो जवळजवळ स्पर्धेबाहेरच गेला होता. दुसऱ्या दिवशी त्याने ६५ केले, तिसऱ्या दिवशी ६८, आणि रविवारी तो आघाडीवर राहून तेराव्यावर पोचला. दुसरा फटका त्याने ग्रीनच्या दिशेने मारला, चेंडू ओढ्यात. पंधराव्यावर पुन्हा तसाच गेला, चेंडू तळ्यात. दोन फटक्यांनी तो हरला आणि लोक म्हणाले, आघाडीवर असताना कशाला गेला? आठ वर्षांनी, १९९३ मध्ये, चिप बेक शेवटच्या जोडीत खेळत होता. पंधराव्यावर तो तीन फटक्यांनी मागे होता, ग्रीन सुमारे २३५ यार्डांवर. त्याने ले-अप केला. चार फटक्यांनी हरून तो दुसरा आला. लोक म्हणाले, मागे असताना कशाला थांबला? दोन्ही वर्षी जिंकणारा एकच, बर्नहार्ड लँगर, शांत डोक्याचा जर्मन माणूस. आणि ९३ साली तेराव्यावर त्याने स्वतः पाण्यावरून जाऊन ईगल केला होता.

बेकबद्दल मला नेहमी वाईट वाटतं. त्या एका ले-अपने त्याच्यावर भित्रेपणाचा शिक्का बसला आणि तो कधी पुसला गेला नाही. दीडच वर्षांपूर्वी, १९९१ मध्ये, याच माणसाने लास व्हेगासच्या स्पर्धेत एका फेरीत ५९ फटके केले होते. तेरा बर्डी, म्हणजे पारपेक्षा एक फटका कमी, आणि पाच पार. भित्र्या माणसाला असा दिवस लाभत नाही, कारण त्या तेरांतल्या प्रत्येकीनंतर, आता जपून खेळ, असं मन सांगत असणार आणि त्याने ते ऐकलं नाही. दुसरीकडे २००७ चा झॅक जॉन्सन. त्याने चारही दिवस एकाही पार पाचवर दोन फटक्यांत ग्रीन गाठायचा प्रयत्न केला नाही. प्रत्येक वेळी ले-अप, मग वेज, म्हणजे आखूड पल्ल्याचा क्लब. त्या होलांवर मिळून तो पारपेक्षा अकरा फटके कमी खेळला आणि स्पर्धा जिंकला. त्याला सगळे शहाणा म्हणाले. बेक आणि जॉन्सन दोघांनीही केलं ते एकच. निकाल मागाहून आला आणि मागे जाऊन त्याने निर्णयाला नाव दिलं.

दादा निवृत्त झाल्यावर पुण्याला राहायला गेला आणि तिथे गोल्फ खेळायला लागला. मी त्याच्याकडे गेले की ऊन चढायच्या आत त्याच्यासोबत चालायला जाते. एका होलवर ग्रीनच्या अलीकडे नाला आडवा येतो. दादाचा नेहमीचा कॅडी पन्नाशीचा, अंगाने सडपातळ, फार कमी बोलणारा माणूस. तिथे पोचलं की दादा पहिल्यांदा लांब पल्ल्याच्या क्लबबद्दल विचारतो, “सहा नंबर जाईल ना?” कॅडी नाल्याकडे बघत नाही. तो दादाच्या पायांकडे बघतो, चेंडूखालच्या गवताकडे बघतो, मग बॅगेतून क्लब काढून त्याची मूठ दादाच्या हाताशी नेतो. “साहेब, नऊ नंबर घ्या. अलीकडे ठेवू. पुढचा तुमचा चांगला पडतो.” सांगण्यात धाक नसतो आणि आर्जवही नसतं. दादाचा सहा नंबर आयुष्यात एखाद्या दिवशी जिथवर गेला तिथवर तो रोज जाईल, असं दादाला वाटतं. कॅडीला तो बाकीच्या दिवशी कुठे पडतो ते माहीत असतं. ‘पुढचा तुमचा चांगला पडतो’ या चार शब्दांत मला फार मोठा आदर दिसतो. थांबायला सांगताना त्याने दादाला पुढचं काम दिलेलं असतं. कधी तो स्वतःहून सहा नंबर काढून देतो. का, ते विचारलं तर म्हणतो, “आज साहेबांचा हात मोकळा आहे.”

२०२५ च्या मास्टर्सचा शेवटचा दिवस आपल्याकडे रविवारची रात्र आणि सोमवारची पहाट असा होता. सोमवारी १४ एप्रिल. बाहेर चौकात निळ्या पताका लागल्या होत्या, बाराच्या सुमाराला जयंतीचे फटाके वाजले होते, त्यानंतरही बराच वेळ लांबून ढोल ऐकू येत होता. मी टीव्हीचा आवाज बारीक करून बसले होते. रोरी मॅकिलरॉय तेराव्यावर आला तेव्हा चार फटक्यांनी पुढे होता. २०११ साली याच मैदानावर तो चार फटक्यांची आघाडी घेऊन रविवारी उतरला होता आणि ८० फटक्यांत कोसळला होता. २०१४ नंतर एकही मोठी स्पर्धा त्याने जिंकली नव्हती. गोल्फच्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकलेल्या पाच माणसांनंतरचा सहावा व्हायला त्याला फक्त ही एक हवी होती. इतकं ओझं असताना त्याने जे केलं ते कोणत्याही शहाण्या माणसाने केलं असतं. ले-अप केला. चेंडू ओढ्याअलीकडे छान गवतावर, पुढे शंभर यार्डांहूनही कमी अंतर. असा वेज तो झोपेतून उठवलं तरी मारेल. ग्रीनची सगळी डावी बाजू मोकळी होती.

चेंडू उजवीकडे गेला, उतारावर टेकला आणि ओढ्यात उतरला.

रोरी पुढे वाकला, गुडघ्यांवर हात टेकून तसाच राहिला. मी जागेवरून उठले होते. सात फटके. पुढच्या होलवर आणखी एक गेला आणि आघाडी पुसली गेली. मला त्या वेळी जे वाटलं ते अजून नीट मांडता येत नाही. पाण्यावरून जाताना पाण्यात पडणं समजतं, त्यात एक सरळ हिशेब असतो. पण ज्याने पाणी टाळण्यासाठी वाट वाकडी केली त्यालाही शेवटी तो ओढा ओलांडायचाच होता. ले-अपने ओढा नाहीसा होत नाही. तो एका फटक्यापुरता पुढे सरकतो. आपण सुरक्षित वाट निवडली की मनाचा एक भाग तिथेच बसून घेतो, काम झालं असं समजून, आणि हात एकटा पुढे जातो. रोरीच्या मनात काय होतं ते त्याला ठाऊक. मी माझ्या खुर्चीत मात्र त्याच्या ले-अपनंतर पाणी प्यायला स्वयंपाकघरात जावं का, असा विचार करत होते.

पंधराव्यावर त्याच्यासमोर पुन्हा तळं होतं आणि वाटेत झाडं. आता आघाडी नव्हती. दोनशे यार्डांहून जास्त अंतरावरून त्याने सात नंबरचा आयर्न काढला आणि चेंडू झाडांना वळसा घालून खळग्यापासून काही फुटांवर आणून ठेवला. ईगलचा पट, म्हणजे ग्रीनवरून खळग्यात ढकलायचा फटका, चुकला, बर्डी मिळाली. सामना जस्टिन रोझबरोबर प्लेऑफमध्ये गेला आणि पहिल्याच होलवर रोरी जिंकला. सगळीकडे त्या पंधराव्याच्या फटक्याचं कौतुक झालं, ते योग्यच. माझ्या मनात मात्र तेराव्याचा तो वेज राहिला आहे.

त्याच्या शेजारी मी एक दुसरा फटका ठेवते, २०१९ चा टायगर वुड्सचा. बारावा होल, पार तीन, जेमतेम १५५ यार्ड, पुढे असाच ओढा. रविवारी झेंडा उजवीकडे असतो, जिथे ग्रीन अरुंद आहे आणि वारा झाडांवरून कुठून येईल सांगता येत नाही. पुढच्या गटातले ब्रूक्स केपका आणि इयन पोल्टर पाण्यात गेले होते. दोन फटक्यांनी आघाडीवर असलेला फ्रान्चेस्को मोलिनारी टायगरच्याच गटात होता, त्याचाही चेंडू पाण्यात. टोनी फिनाऊचाही. टायगरने झेंड्याकडे पाहिलंच नाही. मधल्या वाळूच्या बंकरवरून, डावीकडच्या रुंद भागात त्याने चेंडू टाकला आणि दोन पटांत तीन घेऊन पुढे गेला. तो फटका मारतानाचा त्याचा चेहरा पाहण्यासारखा आहे. जन्मात यापेक्षा महत्त्वाचा फटका मारायचा नाही, असा. सुरक्षित जागी चेंडू टाकायला त्याने स्वतःला इतकं पूर्ण लावलं होतं. शिवाजी पार्कच्या सरांना तो फार आवडला असता.

२०२३ मध्ये ऑगस्टाने तेराव्याची टी मागे नेली. ५१० यार्डांचा होल ५४५ चा झाला. खेळाडूंची ताकद आणि क्लबांचा पल्ला इतका वाढला होता की बरेच जण दुसरा फटका मधल्या किंवा आखूड आयर्नने मारायला लागले होते आणि प्रश्न पडण्याआधीच सुटत होता. जास्तीच्या जमिनीसाठी ऑगस्टाने शेजारच्या गोल्फ क्लबची जागा विकत घेतली. माणसाला पुन्हा विचारात पाडण्यासाठी एवढा खटाटोप करावा, हे मला मनापासून आवडलं.

दादाचं आणि माझं बेकवरून अजून पटत नाही. मी म्हणते, त्याने आपला हात ओळखला होता, लोकांनी ओरडावं म्हणून कोणी पाण्यावरून जात नाही. दादा पूर्वी फक्त ‘तीन मागे होता गं’ एवढंच म्हणायचा. गेल्या खेपेला त्याने वेगळाच मुद्दा काढला. पंधराव्यावर ले-अप करून चेंडू जिथे थांबतो ती जमीन तळ्याकडे उतरती आहे. उतारावरून, पाण्यापलीकडच्या आखूड ग्रीनवर वेज थांबवायचा, हा तिथला सर्वांत अवघड फटका आहे असं खेळाडूच सांगतात. लांब मारला तर मागे, आखूड पडला तर तळ्यात. “मग त्याने जपून काय केलं, सांग मला,” दादा म्हणाला. “त्याने एक अवघड फटका टाळला आणि दुसरा घेतला. घाबरट म्हणणारे चुकले हे मला मान्य आहे. पण तू त्याला सावध म्हणतेस, तेही मला नाही पटत.”

मी त्याला उलट विचारलं, की त्याच्या कॅडीने अशा वेळी कोणता नंबर काढून दिला असता. दादाने बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, पुढच्या वेळी चालताना त्यालाच विचारू.